लमाणबोळाच्या तोंडाशी बसलेल्या दामूस

दामू, तुझा दहावा अजून व्हायचा आहे आणि गावानं तुला देवपण देऊनही टाकलं. पारनाक्यावर घटकाभर उभं राहिलं की ऐकू येतं, दामोदरपंतांसारखा माणूस होणे नाही, त्यांनी गावाला सरळ रस्ता दिला, कंदिलाचे खांब दिले, गरिबांची पोरं कचेरीत चिकटवली. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. मला दामोदरपंतांशी काही बोलायचं नाही. मला लमाणबोळातल्या दाम्याशी बोलायचं आहे आणि गोड बोलायचं नाही.

तू एकच मागणं मागून गेलास. तुझी तिरडी रस्त्यावरून जाईल तेव्हा तांबटांचे हातोडे थांबावेत. बोळातल्या माणसाला मिळायचा तो मान तुला हवा होता. ज्याच्यामुळे बोळ उरला नाही त्यानंच बोळाचा मान मागावा, याला निर्लज्जपणा म्हणायचं की आणखी काही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मागणं माझ्या आईकडे आलं आणि उत्तर मला द्यायचं होतं. ते कसं दिलं गेलं ते तुला सांगायचंय, कारण तू तेव्हा चौघांच्या खांद्यावर होतास आणि तुला मान वळवून बघता येत नव्हतं.

आधी बोळाबद्दल लिहितो. तुझ्या रस्त्यावरून जाणाऱ्या आजच्या पोरांना विचारलं तर ती म्हणतील इथे पहिल्यापासून रस्ताच होता. कल्याणच्या खाडीच्या धक्क्यापासून पारनाक्यापर्यंत चढत येणारा आपला बोळ लमाणांच्या बैलांनी पाडलेला होता. मिठाच्या गोण्या लादलेले दोन बैल एकमेकांना घासून जातील एवढीच त्याची रुंदी. आजोबा सांगायचे, घाट चढून देशावर जाणारं मीठ याच वाटेनं जायचं. गोण्या भिंतींना घासून घासून जोत्याचे दगड खारट झाले होते. आपल्या लहानपणी लमाण येईनासे झाले होते, तरी गावातल्या गाई येऊन त्या भिंती चाटायच्या. तुला आठवत असेल. आपण दोघांनीही एकदा चाटून पाहिली होती आणि आईनं दोघांच्याही पाठीत सारखाच धपाटा घातला होता.

आगगाडी आली आणि मीठ गाडीत बसून गेलं. लमाणांचे तांडे थांबले. वखारी ओस पडल्या, त्या तांबटांनी घेतल्या. ज्यांनी लमाणांच्या बैलांवर टांगायचे हंडे घडवले त्यांचीच पोरं आता बोळाच्या दोन्ही अंगांना बसून गावाचे बंब आणि घंगाळी घडवू लागली. नाव लमाणबोळच राहिलं, पण बाहेरचे लोक चेष्टेनं ठोकबोळ म्हणायचे. दिवस उगवला की तांबं ठोकून मठारण्याचा आवाज सुरू व्हायचा तो दिवेलागणीला थांबायचा. नव्या सुनेला पहिले काही महिने डोकं धरून बसावं लागे, आणि माहेरी गेली की तिला शांततेनं झोप येईना. बोळातली सगळी माणसं मोठ्यानं बोलायची. दोन घरांत कुजबूज चालली तरी ती पारनाक्यावर ऐकू जाते, असं लोक म्हणायचे, आणि त्यात फार खोटं नव्हतं.

हळू बोलायला बोळातला पहिला माणूस शिकला तो तू. तुझी आई तू रांगत असताना गेली. तुझ्या बापाचा हात हातोडीवर आणि लक्ष दुसरीकडे, म्हणून तू आमच्या घरात वाढलास. आईनं तुला आणि मला एकाच ताटात जेवायला बसवलं. पुढे तू शाळेत गेलास, इंग्रजी शिकलास. मास्तरांनी सांगितलं की सभ्य माणसं ओरडत नाहीत, आणि तू घरी येऊन आईशीही हलक्या आवाजात बोलायला लागलास. आई हसायची. म्हणायची, दामूचं बोलणं ऐकायचं तर भाता थांबवावा लागतो. आणि ती थांबवायची.

एक गोष्ट तुझी मानतो, नाही मानली तर माझी जीभ झडेल. मला अक्षरओळख तू करून दिलीस. शाळेतून आल्यावर तू तांब्याच्या कातरणीवर खिळ्यानं अक्षरं काढायचास आणि मी ती गिरवायचो. माझा बाप म्हणायचा की तांबटाला अक्षरं कशाला. तू म्हणालास, नाव तरी घालता येईल भांड्यावर. आज हे लिहितोय ते तुझ्याच जिवावर लिहितोय. तू शिकवलं नसतंस तर हा राग माझ्या पोटातच कुजला असता.

आता मरणाच्या रिवाजाबद्दल. तुला सांगायला नको, पण कुणी हे वाचलं तर त्याला कळायला हवं. बोळात कुणी गेलं की सगळ्या भट्ट्या विझायच्या. दहावा होईपर्यंत कुणाचाही हातोडा उठायचा नाही. पोटावर पाय देऊन पाळायचे लोक. तेवढे दिवस कुणी धंद्याचं अक्षर बोलायचं नाही, मग समोर राजा येवो. गिऱ्हाईकाला किंवा परक्या माणसाला सांगण्यासाठी मेलेल्याच्या घरचा एक जवळचा माणूस बोळाच्या तोंडाशी धोंड्यावर बसायचा. आत कोण गेलं, काम का थांबलंय, पुन्हा कधी यायचं, हे तो सांगायचा. त्याला आपण 'तोंडाशी बसणं' म्हणायचो. तोंडाशी बसलेला माणूस म्हणजे त्या दिवसांत सगळ्या बोळाची जीभ.

बाबा गेले तेव्हा मी डोकं भादरून घरात बसलो होतो. तोंडाशी कुणाला बसवायचं हा प्रश्न आला. गणूकाका, बोळातले सगळ्यांत वडील तांबट, म्हणाले की दामूला बसवा, बोलायला चांगला आहे. आईनं स्वतः तुला बोलावून घेतलं. तू तेव्हा कचेरीत नुकताच कारकून लागला होतास. तू रजा काढलीस आणि धोंड्यावर जाऊन बसलास. आईला किती बरं वाटलं होतं ते मी पाहिलंय.

आणि त्याच सुतकात रस्त्याचा साहेब आला. स्टेशनाकडून धक्क्याकडे गाड्या जाव्यात म्हणून रुंद रस्ता काढायचं चाललंय, हे आम्हाला उडत उडत कळलं होतं. एक तर तो बोळावरून जाणार होता, नाहीतर शेजारच्या वाडीतून. वाडीत नारळी-पोफळी होती आणि मालक बडा माणूस होता. साहेब काय बघायला येणार ते आम्हाला ठाऊक नव्हतं, तुला ठाऊक होतं. बोळात जिवंत धंदा आहे की ओसाडी आहे, एवढंच त्याला बघायचं होतं.

तू त्याला तोंडाशी भेटलास आणि आत घेऊन आलास. आम्ही ओट्यांवरून उठून हात जोडले. कुणी काही बोललं नाही, कारण बोलायचं नव्हतं, आणि बोलायची गरजही नव्हती. तोंडाशी तू होतास, म्हणजे तू सांगूनच आत आणलं असशील. आमची चूक एवढीच. साहेब एकेका दुकानात डोकावला. भट्टीतली राख काठीनं ढवळली. राख गार होती. मग आमच्या दारापाशी त्यानं टोपी काढली आणि कपाळ पुसलं. आईला वाटलं, बाबांसाठी काढली. साहेब परक्या मुलखातला असून रीत जाणतो, असं ती नंतर बायकांना सांगत होती. उकाड्यानं काढली होती, दामू. तू मागे छत्री धरून उभा होतास आणि तुला ते ठाऊक होतं.

पुढे हुकूम आला तेव्हा गणूकाका आम्हा चौघांना घेऊन कचेरीत गेले. साहेब म्हणाला, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तिथे काम होत नाही, भट्ट्या थंड आहेत, माणसं रिकामी बसून असतात. गणूकाकांनी सांगितलं की घरात मयत होती. साहेबाला ते खरंच नवीन होतं. त्यानं वळून तुझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. तू समोरचे कागद सारखे करत बसलास. साहेब हळहळला, पण म्हणाला की वर गेलेला कागद आता परत येत नाही.

त्या संध्याकाळी मी तुला धोंड्यापाशी गाठलं. सांगितलं का नाहीस, एवढंच विचारलं. तू तुझ्या त्या हलक्या आवाजात म्हणालास, "मला कुणी विचारलं नाही, धोंडू."

इतकी वर्षं मी त्या वाक्याला मठारतोय. खोटं बोलला असतास तर एक वेळ सोडून दिलं असतं. माणूस भीतीनं खोटं बोलतो, लोभानं बोलतो. तू मूग गिळून बसलास. सांगण्यासाठीच तुला बसवलं होतं आणि तू गप्प राहिलास. माझ्या बापाचं मरण तू रस्ता काढणाऱ्यांच्या कामी लावलंस. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते म्हणणाऱ्यानं तुलाच पाहिलं असावं.

बोळ पाडायला फार वेळ लागला नाही. खारट दगड रस्त्याच्या भरावात गेले. कुणी मुंबईला गेलं, कुणी ठाण्याला. गणूकाका डोंबिवलीला लेकीकडे गेले. तिथे भातशेतांत बसून ते म्हणायचे की इथे कान दुखतात, काही ऐकूच येत नाही. तिथेच ते वारले, आणि त्यांच्यासाठी थांबायला तिथे एकही हातोडी नव्हती. आमच्या घराची मागची पडवी तेवढी वाचली. ती आता तुझ्या रस्त्याच्या कडेला आली. तिथे मी दुकान मांडलं, आणि शेजारी आणखी दोन तांबट टिकले. वाडीच्या मालकानं तुला नारळींच्या सावलीत घराला जागा दिली. फुकट दिली की कशी, ते मी विचारलं नाही. सगळ्यांना दिसत होतं.

मीही गप्प बसलो नाही, हे तुला माहीत आहे. तुझ्या मुलीच्या लग्नात रुखवताला कल्याणच्या एकाही तांबटानं भांडं दिलं नाही. ते सगळं माझं. मी एकेकाच्या दारी जाऊन शब्द घेतला होता. तू मुंबईहून भांडी आणलीस, आणि तांबटाच्या नातीच्या रुखवतात परक्या बाजारची घागर आहे हे वऱ्हाडी मंडळींनी बरोबर ओळखलं. पोरीसाठी मला वाईट वाटलं. तुझ्यासाठी नाही. त्या रात्री मी पोटभर जेवलो.

मग एकदा ठाण्यात गाठ पडली. मी मासुंदा तळ्याच्या काठी एका दुकानाला बंब पोचवायला गेलो होतो, तू कचेरीच्या कामाला. तूच येऊन शेजारी बसलास. म्हणालास की बोळ मरतच होता. विलायती पत्र्याची भांडी येतायत, पाच-दहा वर्षांत हातोडीला कुणी विचारणार नाही. बोळात उजेड नव्हता, पावसात सांडपाणी घरात शिरायचं, पोरं खोकून मरायची, निम्मी माणसं म्हातारपणाआधी बहिरी व्हायची, आणि तुम्ही ते मिशीला पीळ देऊन सांगायचात. रस्त्यामुळे तुझ्या दुकानाला गिऱ्हाईक वाढलं की नाही, खरं सांग. असं बरंच बोललास. त्यातलं पुष्कळ खरं होतं, म्हणून तर मला जास्त राग आला. मी म्हटलं, मरणाऱ्याला मारलं तरी तो खूनच. आमचा बोळ मरायचा तर आमच्या हातून मेला असता, आम्ही त्याचं सुतक धरलं असतं. तू काहीतरी बोलायला तोंड उघडलंस, तेवढ्यात तुझा शिपाई गाडीची वेळ झाली म्हणून सांगत आला. तू उठलास. काय बोलणार होतास, ते तसंच राहिलं. खरं सांगतो, ते ऐकायची मला अजून इच्छा आहे.

तू अंथरुणाला खिळलास तेव्हा आईनं मला पाठवलं. ती तुझं नाव घ्यायची नाही आणि तुझ्याबद्दल वाईटही बोलायची नाही. मला वाटायचं, तिनं मनातून तुला कधीच माफ केलंय, आईचं काळीज ते. माझा राग तिच्यापुढे मला कधी कधी पोरकट वाटायचा. मी आलो. तू वाळून गेला होतास, आणि तुझा हात हातात घ्यावा असं मला वाटलं. घेतलाही. मग मी एकच मागितलं. बोळातली उरलीसुरली माणसं मी बोलावून आणतो, त्यांच्यासमोर एकदा म्हण, मला ठाऊक होतं आणि मी बोललो नाही. एवढं म्हटलंस की माझ्याकडून मिटलं. तू म्हणालास, आता त्याचा काय उपयोग. आणि लगेच विचारलंस की माझ्यासाठी हातोडे थांबवाल ना रे.

मी तुझा हात सोडला. म्हटलं, "थांबवू. पण तोंडाशी कोणाला बसवायचं ते तू सांग. बोळाला आता तोंडच नाही."

आपलं शेवटचं बोलणं ते. कठोर होतं, आणि मी ते मागे घेत नाही.

तू गेलास त्या सकाळी वहिनी आईकडे निरोप पाठवायच्या ऐवजी स्वतः आल्या. मयताच्या घरातून बाई अशी बाहेर पडत नाही, तरी आल्या. दहा दिवस नकोत, म्हणाल्या, तिरडी तुमच्या दुकानावरून पुढे जाईपर्यंत तरी. ह्यांचा जीव त्यातच अडकला होता. आईनं त्यांना गुळपाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि फक्त 'बघू' म्हणाली. वहिनी गेल्यावर शेजारचे दोघे तांबट माझ्याकडे आले. म्हणाले, मयत तुझ्या बापाची होती, तू म्हणशील तसं करू. मी सांगितलं, तुमचं तुम्ही बघा, माझं मी बघतो. त्यांनी हातोड्या खाली ठेवल्या आणि दाराशी जाऊन उभे राहिले. मला त्यांचा राग आला नाही.

मी घंगाळ्याचं बूड ऐरणीवर घेतलं. रस्त्यावर गर्दी जमू लागली होती. तुझ्या कचेरीचे लोक होते, वाडीचा मालक डोक्याला उपरणं गुंडाळून पुढे चालत होता. रामनाम ऐकू यायला लागलं. आणि मला आपलं ते एकच ताट दिसलं. कातरणीवरची अक्षरं दिसली. मी मारत होतो, पण घाव ओढल्यासारखे पडत होते. आतून आईची पावलं ऐकू आली. मला कळलं की ती आता माझा हात धरणार. आणि तिनं धरला तर मी थांबणार होतो, हेही कळलं. इतक्या वर्षांचा राग एका म्हातारीच्या बोटांनी विझणार होता, आणि खरं सांगू, मला त्याचं बरंच वाटलं असतं.

तुला घेऊन आलेले लोक नेमके दुकानासमोर खांदा बदलायला थांबले. तू माझ्यापासून चार हातांवर होतास. आई बाहेर आली. तिनं तुझ्याकडे पाहिलं. पदर तोंडाला लावला आणि तिला हुंदका आवरेना. तुला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं तिनं. वहिनींच्या भावानं मोठ्या आशेनं तिच्याकडे पाहून हात जोडले. माझी हातोडी हवेतच राहिली.

आई खाली बसली. भट्टीजवळ सरकली आणि भात्याला हात घातला. ती बोलली ती बोळातल्यासारखी मोठ्यानं, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी.

"त्याला तोंडाशी मी बसवला होता, धोंडू. माझ्या कुंकवाचं सुतक होतं ते. रडायचं ते मी रडते. तू हात थांबवू नको."

आणि ती रडत रडत भाता ओढू लागली. विस्तव फुलला. मी घाव घातला, मग दुसरा घातला, आणि आम्ही मायलेक काम करत राहिलो तोवर तुझी माणसं तुला उचलून खाडीकडे गेली.